रेक्टल स्वॅब पॉझिटिव्ह आला: ट्रान्सप्लांटच्या पेशंटच्या घरच्यांनी काय करायचं

मी मुंबईत एका बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. जंतू कुठून कुठे जातात यावर लक्ष ठेवणं आणि त्यांची वाट अडवणं हे माझं काम. ॲडमिट झाल्यावर पेशंटचा गुदद्वाराजवळून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने नमुना, घेतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्टवर ‘सीआरई पॉझिटिव्ह’ असं येतं, खोलीच्या दाराला बोर्ड लागतो, आणि घरचे मला पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की सिस्टर, आता ट्रान्सप्लांट होणार नाही का?

बहुतेक वेळा होतं. या रिपोर्टमुळे ट्रान्सप्लांट थांबवतात असं नाही, तयारी बदलतात. त्या तयारीतला निम्मा भाग घरच्यांच्या हातात असतो, म्हणून हे लिहिते आहे. यात आणि तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यात फरक पडला तर डॉक्टरांचं ऐकायचं.

आधी रिपोर्ट समजून घ्या. ई. कोलाय हा जंतू जवळजवळ सगळ्यांच्याच आतड्यात असतो, क्लेब्सिएला बऱ्याच जणांच्या. त्यातल्या काहींना मेरोपेनेम, इमिपेनेम यांसारखी भारी अँटिबायोटिक्स मोडून टाकणारं एन्झाइम बनवता येतं. असे जंतू म्हणजे सीआरई. आपल्याकडे या एन्झाइमचे एनडीएम आणि ऑक्सा-४८ हे प्रकार जास्त दिसतात. पॉझिटिव्ह म्हणजे असा जंतू आतड्यात राहायला आहे, एवढंच. त्या दिवशी पेशंटला त्याचा काही आजार नसतो. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह आहे तर औषध सुरू करा’ असा आग्रह धरू नका. आतड्यात नुसत्या बसलेल्या जंतूला अँटिबायोटिक दिलं तर तो सहसा जात नाही, उलट पुढचं औषधही निकामी करायला शिकतो.

‘हा जंतू आमच्या माणसाला लावला कुणी?’ हा प्रश्नही सोडून द्यावा. एनडीएमची नोंद पहिल्यांदा २००९ साली झाली, स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये, ज्यांच्यावर आधी दिल्लीत उपचार झाले होते. हे जनुक डीएनएच्या एका सुट्या, गोल तुकड्यावर असतं आणि एक जंतू ते दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. आधीच्या केमोच्या ॲडमिशन, त्या वेळची अँटिबायोटिक्स, पाणी, असं कुठूनही ते आलेलं असू शकतं. ठणठणीत माणसांच्या पोटातही ते सापडतं. शेजारच्या बेडवर किंवा घरातल्या सुनेवर संशय घेऊन हाती काही लागत नाही.

मग काळजी कशाची? निरोगी माणसाच्या आतड्यात चांगले जंतू दाटीवाटीने बसलेले असतात. एसटीत सगळ्या सीटवर रुमाल पडलेले असले की उशिरा आलेल्याला उभंच राहावं लागतं, तसा वाईट जंतू तिथे कोपऱ्यात उभा असतो. ट्रान्सप्लांटच्या आधीची अँटिबायोटिक्स त्या सीटा रिकाम्या करतात. मग मेल्फालान, बुसल्फान यांसारखी जबर केमो मिळते आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं अस्तर सोलवटतं. त्याच दिवसांत काउंट पडलेले असतात, म्हणजे जंतू रक्तात शिरला तर त्याला अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर काउंट वर यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, दुसऱ्याच्या दिल्या असतील तर दोन ते चार आठवडे. सगळी शिकस्त एवढ्या दिवसांसाठी असते.

रिपोर्ट मिळाला की त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो ठेवा आणि फाइलमध्ये अगदी वर लावा. त्यावर जंतूचं नाव, तारीख, एन्झाइमचा प्रकार आणि कुठल्या औषधाला तो दाद देतो, हे आहे का बघा. प्रकार लिहिला नसेल तर ‘एनडीएम आहे की ऑक्सा?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. याला कारण आहे. काउंट पडलेले असताना ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जावं लागतं. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, पूर्ण रिपोर्ट मात्र दोन-तीन दिवसांनी येतो. मधल्या वेळात डॉक्टर औषध निवडतात ते हातात असलेल्या माहितीवर. ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम बहुधा चालतं. एनडीएमवर ते एकटं चालत नाही, सोबत ॲझ्ट्रिओनाम द्यावं लागतं. त्या रात्री ड्युटीवर नवा डॉक्टर असेल आणि हा कागद समोर नसेल, तर दोन मोलाचे दिवस चुकीच्या औषधावर जाऊ शकतात. आधी लातूर, जळगाव, नांदेड, जिथे कुठे केमो झाली असेल, तिथले लघवीचे, रक्ताचे, थुंकीचे सगळे कल्चर रिपोर्ट घेऊन या. मॅरोचे रिपोर्ट लोक प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतात आणि कल्चरचे घरी कपाटात राहतात, असं मी फार वेळा पाहिलं आहे.

आता हात. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून. खोलीत शिरताना, पेशंटला हात लावण्याआधी, त्याचं खाणं हातात घेण्याआधी, बेडपॅन किंवा युरिन पॉट ठेवल्यावर, बाहेर पडताना. पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. अंगठ्या, घड्याळ, मनगटावरचा गंडा, बांगड्या आत आणू नका. बांगड्या नुसत्या कोपराकडे सरकवल्या की काम करता करता पुन्हा खाली येतात. नव्या नवरीला चुडा उतरवायला सांगताना मलाही जड जातं. पण ओल्या दोऱ्यात आणि बांगड्यांच्या खाली जंतू टिकतात, आणि त्याच हाताने ती नवऱ्याला घास भरवणार असते. मंगळसूत्र गाउनच्या आत राहू द्या. मोबाइल रोज पुसा.

आत आलेल्या कुणालाही, मग ते मोठे डॉक्टर का असेनात, ‘हात धुतले का?’ असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कुणी चिडलं तर तुमच्या युनिटच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला सांगा. आम्ही त्यासाठीच आहोत.

खोलीतल्या बेसिनकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते. बेसिन फक्त हात धुण्यासाठी. उरलेला चहा, ज्यूस, नारळपाणी, डाळीचं पाणी, गुळणी, युरिन पॉट, यातलं काहीही त्यात ओतायचं नाही. बेसिनखालच्या पाइपच्या वाकणात पाणी साचून राहतं. तिथे या जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि आपण ओतलेल्या साखरेवर, अन्नावर तो वाढत जातो. नळ जोरात सोडला की त्यातले शिंतोडे वर उडतात. म्हणून टूथब्रश, ग्लास, औषधाचं झाकण, ड्रेसिंगचं सामान बेसिनच्या कडेला ठेवू नका आणि नळ हळू सोडा. गुळणी किडनी ट्रेमध्ये करायची. तो ट्रे आणि उरलेलं सगळं मावशींकडे द्या, ते कुठे ओतायचं हे त्यांना माहीत असतं. ही गोष्ट फार महत्त्वाची, तरी ती भिंतीवरच्या सूचनांत क्वचित लिहिलेली असते.

संडासच्या बाबतीत लाजू नका. पेशंट बाप्या असो की बाई, आम्हाला रोज हे विचारावंच लागतं. किती वेळा झाली, पातळ की घट्ट, रंग कसा, रक्त दिसलं का, एका वहीत लिहून ठेवा. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका. कारण जंतू असू शकतो, केमो असू शकते, दुसऱ्याच्या पेशी दिल्या असतील तर आतड्याचा जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी पेशंटच्या आतड्यावर केलेला हल्ला, असू शकतो, आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. धुताना पुढून मागे, हलक्या हाताने, मग टिपून कोरडं करायचं. जेट स्प्रे जोरात मारू नये. कमोडला झाकण असेल तर ते लावून फ्लश करा. काउंट पडलेले असताना गुदद्वारातून थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी काहीच नको. सोललेल्या अस्तराला एक ओरखडा पडला तरी जंतूला वाट मिळते. जुनी मूळव्याध, फिशर असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. बसताना दुखतं एवढीच तक्रार असली तरी राउंडमध्ये बोला. काउंट नसताना तिथे पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, फक्त दुखतं.

खाण्याबद्दल घरोघरी मतं फार असतात. ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम असलं की पुरे. मुगाची खिचडी, भाताची पेज, कुकरमधून उकडलेली भाजी. वरून कच्ची कोथिंबीर नको, मोड आलेली कच्ची कडधान्यं नकोत, बाहेरची चटणी नको. तुमच्या युनिटचा तक्ता याहून कडक असेल तर तो पाळा. पण जंतूच्या भीतीने पेशंटला उपाशी ठेवू नका. फार कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि तोंडाने दोन घास गेले तरी आतड्याच्या अस्तराला आणि तिथल्या चांगल्या जंतूंना आधार मिळतो. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि सापोरो इथल्या १,३६२ पेशंटचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या ज्या पेशंटच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता टिकून होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं.

हे वाचून कुणी प्रोबायोटिकच्या पुड्या आणेल, म्हणून लगेच सांगते: काउंट पडलेले असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या द्यायच्या नाहीत. घरचं विरजणाचं दही, ताक यांचंही तसंच. त्यातले जिवंत जंतू निरोगी माणसाला चांगले, पण या पेशंटच्या रक्तात गेल्याची उदाहरणं आहेत. पंचामृतात दही आणि बऱ्याचदा कच्चं दूध असतं. तीर्थ-प्रसाद आणणाऱ्या मावशी-काकूंना आधीच फोन करून सांगा, दारात नाही म्हणायची वेळ येणार नाही. निरोगी माणसाची विष्ठा देऊन आतडं सुधारण्याच्या उपचाराबद्दलही हल्ली लोक मोबाइलवर वाचून येतात. अमेरिकेत २०१९ साली अशा उपचारात दात्याच्या विष्ठेतला रेझिस्टन्ट ई. कोलाय रक्तात जाऊन ट्रान्सप्लांटचा एक पेशंट दगावला. मोठ्या केंद्रात, दात्याच्या सगळ्या तपासण्या करूनच ही गोष्ट होऊ शकते.

ताप १०१ आला, किंवा १००.४ येऊन तासभर टिकला, तर तो ताप. पण तासभर थांबून बघत बसू नका, १००.४ दिसताच सिस्टरला सांगा. आधी क्रोसिन देऊन ‘उतरतोय का बघू’ असं करायचं नाही. ताप नसतानाही हुडहुडी भरली, पेशंट गोंधळल्यासारखा बोलू लागला, लघवी कमी झाली, किंवा लाइन (औषधांसाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर लगेच थंडी वाजली, तर तेही तेवढंच तातडीचं.

डिस्चार्ज मिळाला की लगेच गाव गाठता येत नाही. कुणी खोली भाड्याने घेतं, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतं. संडास सामाईक असेल तर आपला मग, आपला साबण, आपला टॉवेल वेगळा ठेवा. हायपोक्लोराइटचं (ब्लीचचं) द्रावण घेऊन सीट, फ्लशचं बटण, नळ आणि दाराची कडी पेशंटने वापरण्याआधी आणि वापरल्यावर पुसा. कडी सगळे विसरतात. रात्री ताप आला तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा आणि तिथे तोंडातून पहिलं वाक्य हे निघू द्या: ‘ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, सीआरई पॉझिटिव्ह आहे, हा रिपोर्ट.’

घरी पेशंटला वाळीत टाकायची गरज नाही. त्याच्याशेजारी बसा, पाठीवरून हात फिरवा. काउंट सावरल्यावर, सर्दी-खोकला नसलेल्या नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. ताटं नेहमीच्या साबणाने घासली की झालं. मळलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात, कडक उन्हात वाळवायचे. पेशंटला जुलाब असतील तेवढे दिवस त्याने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये.

गावातल्या डॉक्टरांनी सर्दीसाठी अझिथ्रोमायसिन लिहून दिलं तर गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करा. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे सरकारने २०१६ पासून सांगितलं आहे. घरात कुणाची उरलेली अँटिबायोटिक्स असतील तर ती पेशंटच्या हाताशी ठेवू नका. मात्र डॉक्टरांनी बॅक्ट्रिमसारखं प्रतिबंधाचं औषध लिहून दिलं असेल तर ते बंद करायचं नाही. त्याचं काम वेगळं आहे.

काही महिन्यांनी पुन्हा स्वॅब घेतील. तो निगेटिव्ह आला तर आनंदच आहे. पण एका निगेटिव्हवर जुना रिपोर्ट फाडून टाकू नका. जंतू इतका कमी उरलेला असू शकतो की स्वॅबमध्ये सापडत नाही, आणि अँटिबायोटिकचा एखादा कोर्स झाला की पुन्हा वर येतो. पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट, नंतरचे सगळे स्वॅब आणि मधल्या काळात घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव व तारीख एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि पुढच्या कुठल्याही ॲडमिशनला, अगदी दाताच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनलासुद्धा, ती बरोबर न्या.