हरणावरची पहिली गोळी: रायफलची तयारी आणि नेमाची मर्यादा

हरीण जखमी होऊन पळालं की दोष नेमावर जातो. पण स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) ढिला स्क्रू, नळीत राहिलेलं तेल, थंडीत घट्ट झालेलं ग्रीस यांनीही तशीच जखम होते. ट्रिगर दाबल्यावर गोळी सुटेलच आणि ठरल्या जागीच जाईल याची खात्री नसेल, तर त्या रायफलने जनावरावर नेम धरू नये. इथे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे मागचा दांडा (बोल्ट) हाताने ओढून प्रत्येक गोळी चढवायची बंदूक, धरून लिहिलं आहे. परवाना, हंगाम आणि कोणतं काडतूस चालतं, हे तिथल्या कायद्याप्रमाणे आधीच पक्कं करून घ्यायचं.

रायफल

बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती मागची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. मग स्क्रू. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू साधारण 15 ते 20 इंच-पाउंडांवर बसतात. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू लाकडी स्टॉकला 40 ते 45, तर अ‍ॅल्युमिनियमचा आधार असलेल्या स्टॉकला 65 च्या आसपास. रायफलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. हाताच्या अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) वापरा. एक रिंग जास्त आवळली तर स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा नीट सरकत नाही. मग स्कोपचं चाक क्लिक-क्लिक फिरवूनही नेम जागचा हलत नाही.

कागदाची पट्टी रायफलची नळी आणि स्टॉकच्या मधून सरकवून बघा. नळी मोकळी ठेवलेली असेल तर ती कुठेही अडकता कामा नये. लाकडी स्टॉक ओलाव्याने फुगून नळीला टेकला, तर आठवड्यापूर्वी लावलेला नेम पावसानंतर सरकलेला असतो.

बोल्टमध्ये तेल कमीच हवं. फायरिंग पिन आणि तिच्या स्प्रिंगवर जाड तेल साचलं, तर कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं. पिन हळू पुढे जाते आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीवर) उथळ खड्डा पडतो. हंगामाआधी बोल्ट खोलून जुनं तेल पूर्ण पुसा. लगांच्या (बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या बाजूवर चिमटीभर ग्रीस आणि बाकीच्या भागांवर तेलाचा पुसट थर पुरतो. एक्सट्रॅक्टरच्या (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या) आकड्याखाली पितळेचा कीस साचतो, तो टोकदार काडीने काढा, नाहीतर काडतुसाचं रिकामं कवच चेंबरमध्ये अडकून राहतं. दुसरी गोळी चढत नाही तेव्हा मात्र बहुधा हाताची चूक असते: घाईत बोल्ट पूर्ण मागे ओढलेला नसतो आणि तो काडतुसाच्या पुढूनच परत जातो. बोल्ट नेहमी मागे टेकेपर्यंत ओढायची सवय लावा.

सेफ्टीची परीक्षा रिकाम्या रायफलवर करा. बोल्ट चढवून सेफ्टी लावा, ट्रिगर दाबून सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी पिन पडली तर रायफल कारागिराकडे न्यायची, शिकारीला नाही.

नेम बसवणं

तेल लावलेल्या स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा वेगळीकडे जाऊ शकते. म्हणून नळीतलं तेल कोरड्या कापडाने पुसा, दोन-तीन गोळ्या झाडा आणि मग नळी तशीच ठेवून शिकारीला जा. नेम बसवताना तीन-तीन गोळ्यांचे गट झाडा, मधे नळी गार होऊ द्या. 100 मीटरवर पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक गोळी सुमारे 7 मिलिमीटर सरकवते, तर 0.1 मिलची (मिल हे कोनाचंच दुसरं माप) क्लिक 1 सेंटिमीटर. शेवटी दुसऱ्या दिवशी जाऊन गार नळीतून एकच गोळी झाडा. रानात मिळते ती हीच, त्यामुळे पाच गोळ्यांच्या सुंदर गटापेक्षा या एका भोकाचं मोल जास्त.

काडतुसं एकाच लॉटची घ्या. शिशाच्या गोळीवरून तांब्याच्या गोळीवर आलात तर नेम पुन्हा बसवा. तांब्याची गोळी उमलायला (जनावरात शिरल्यावर पसरायला) जास्त वेग लागतो, त्यामुळे कोणत्या अंतरापर्यंत ती वेग टिकवते ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा. पूर्ण धातूचं आवरण असलेली न उमलणारी गोळी हरणासाठी नाहीच. ती आरपार जाते आणि जनावर दूर जाऊन तडफडत मरतं.

आता स्वतःची मर्यादा. टेबलावरून नव्हे, तर रानात घ्याल त्याच पवित्र्यात, म्हणजे काठीच्या आधाराने, बसून किंवा पालथं पडून, 20 सेंटिमीटरच्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतात, तेच तुमचं त्या पवित्र्याचं शेवटचं अंतर. हरिणांत बारीक जात असेल तर वर्तुळ 15 सेंटिमीटरचं धरा. .308 काडतुसाची 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी 100 मीटरवर बसवली, तर 200 मीटरवर ती 10 ते 12 सेंटिमीटर खाली लागते, आणि 300 वर फूटभराहून जास्त. अंतर मोजायला रेंजफाइंडर घ्या. नळी कधीही दगडावर किंवा फांदीवर टेकवू नका, गोळी वर उडते. आधार स्टॉकच्या पुढच्या भागाला द्या.

रानात

नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा. चिखल किंवा बर्फ आत गेला तर नळी फुटू शकते. पट्टी गोळीआधी हवेच्या दाबानेच उडते, नेमावर परिणाम होत नाही. गार रायफल एकदम उबदार खोलीत आणू नका, काचेवर आणि धातूवर पाणी धरतं.

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या जरा वर थांबा. तिथे हृदयाचा वरचा भाग आणि फुफ्फुसं आहेत. तिरकं पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा. सरळ पाठमोरं, चालतं किंवा धावतं हरीण सोडून द्या. डोक्यावर नेम नको: थोडं चुकलं की जबडा तुटतो आणि जनावर उपाशी मरतं. टेकडीच्या माथ्यावर आकाशाला लागून उभ्या हरणावर गोळी नाही, कारण चुकलेली गोळी काही किलोमीटर जाते. मागे दुसरं हरीण असेल तरी थांबा.

टक् झालं पण बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडा. प्रायमरवरचा खड्डा उथळ असेल तर दोष पिनेत किंवा अर्धवट बसलेल्या बोल्टमध्ये, नीट खोल असेल तर काडतुसात. आवाज नुसताच फुसका आला तर पुढची गोळी अजिबात चढवू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

बार उडाला की लगेच दुसरी गोळी चढवा आणि हरणावरची नजर हलवू नका. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, दोन्ही जागांची खूण करा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस. अर्धा तास थांबून माग काढा. गडद, तपकिरीकडे झुकणारं रक्त यकृताचं असतं, तेव्हा दोन-तीन तास द्या. पाठ कमानीसारखी करून गेलं आणि रक्तात हिरवट, वास मारणारा चोथा दिसला, तर गोळी पोटात आहे. सहा तास थांबा आणि मागावरचा कुत्रा बोलवा, कारण घाईने उठवलेलं असं हरीण मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

पडलेल्या हरणाकडे पाठीकडून जा. लांब काडीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरून, गोळीमागे काय आहे ते बघून, छातीत दुसरी गोळी घाला. हलली नाही, तर आधी रायफल रिकामी करा, मग सुरीला हात लावा.