ब्रेन इंज्युरीनंतरच्या रिहॅबचा क्लेम नाकारला? या चुका टाळा

अपघातानंतर मेंदूच्या ऑपरेशनचं आणि आयसीयूचं बिल विमा कंपन्या बहुतेक वेळा फारशी खळखळ न करता देतात. कटकट सुरू होते ती पेशंटला रिहॅब (पुनर्वसन) सेंटरमध्ये हलवल्यावर. घशात नळी, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. आणि टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा, मेसेज येतो, ‘ॲडमिशनची गरज नव्हती’. घरचे मग चार पानी पत्र लिहितात. पेशंट घरातला एकटा कमावता, हप्ता एकदाही चुकला नाही, पोरं लहान आहेत, असं सगळं त्यात असतं. कंपनीनं ज्या कलमावर बोट ठेवलंय, त्याचं उत्तर मात्र नसतं. आणि निकाल लागतो तो त्या कलमावरच.

काउंटरवरचं ‘रिजेक्ट झालं’ ऐकून गप्प बसणं

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नव्हे. पैसे भरून नंतर रिइंबर्समेंटचा क्लेम लावता येतो, आणि बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही. क्लेमच नामंजूर झाला असेल तर लेखी पत्र मागा. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली फेटाळला तेही कळवावं लागतं. ईमेलमध्ये दोनच प्रश्न विचारा: कलम कोणतं आणि कमिटीनं निर्णय कधी घेतला? एजंटला फोन करत बसू नका. तो सहानुभूती देईल, उत्तर देणार नाही.

कलमाचं नुसतं शीर्षक वाचून हार मानणं

रिहॅबच्या नकारात हमखास येणारं कलम म्हणजे पॉलिसीत न बसणाऱ्या गोष्टींच्या यादीतलं कोड एक्सक्ल-०५. त्याचं शीर्षक ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’. शीर्षकातच रिहॅबिलिटेशन दिसलं की घरच्यांना वाटतं, संपलं सगळं. पण खालचा मजकूर वाचा. उपचारासाठी नव्हे, तर मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी केलेली ॲडमिशन या कलमानं पॉलिसीतून वगळली आहे. त्यातच अंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडवणं-फिरवणं अशी निव्वळ देखभालही येते, मग ती घरी होवो नाहीतर नर्सिंग होममध्ये.

म्हणजे तुम्हाला एकच गोष्ट दाखवायची आहे: पेशंट तिथे उपचारासाठी होता. ट्रेकिओस्टोमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेली) नळी टप्प्याटप्प्यानं काढणं, गिळता येतं का तपासून राइल्स ट्यूबवरून (नाकातून पोटात घातलेल्या नळीवरून) तोंडी खाण्यावर आणणं, फिटच्या औषधांचा डोस बसवणं, आखडलेल्या हातापायांवर इलाज हे सगळं उपचारच आहेत. डॉक्टरांकडून पत्र घ्याल तर ‘रिहॅबची गरज आहे’ एवढ्यावर भागवू नका. यातलं कोणतं काम घरी किंवा ओपीडीत का होऊ शकत नव्हतं, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. पेशंटच्या प्रकृतीत महिनोन् महिने फरक नाही आणि सेंटरमध्ये फक्त भरवणं-पुसणं चाललंय, अशा काळासाठी हे कलम खरोखर लागू पडतं. तेव्हा सगळा मुक्काम एकाच दमात लढवण्यापेक्षा ज्या आठवड्यांत उपचार झाले, ते वेगळे काढून लढवा.

केसपेपर न बघता फाइल पाठवणं

सगळ्यात जास्त क्लेम इथे बुडतात असं माझं स्पष्ट मत आहे. सेंटरच्या रोजच्या नोंदी उघडून बघा. पानामागून पान एकच ओळ असते: ‘जी.सी. फेअर, सी.एस.टी.’ म्हणजे तब्येत ठीक, तेच उपचार चालू ठेवा. ही नोंद वाचून कंपनीचा डॉक्टर म्हणणारच, की मग ॲडमिट कशाला ठेवलं? आता ही नोंद बघा: ‘आज दोन जणांच्या आधारानं पाच मिनिटं उभा राहिला. घट्ट केलेल्या पातळ पदार्थाचे चार चमचे ठसका न लागता गिळले. बॅक्लोफेनचा (आखडलेपणावरच्या औषधाचा) डोस वाढवला.’ पेशंट तोच, दिवस तोच, पण क्लेमचं नशीब वेगळं.

म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच सेंटरला सांगून ठेवा, की फिजिओ, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या नोंदी रोज, वेळ घालून आणि सहीनिशी हव्यात. एफआयएम स्कोअर, म्हणजे रोजची कामं पेशंट स्वतः किती करू शकतो याचं मोजमाप, ॲडमिट झाल्यावर आणि नंतर ठरावीक अंतरानं घ्यायला लावा. १८ ते १२६ या पट्टीवर आकडा चढताना दिसला की ‘नुसती विश्रांती’ हा मुद्दा लंगडा पडतो. मागच्या तारखांच्या नोंदी आता नव्यानं लिहून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. ते पकडलं जातं आणि खरा क्लेमही हातचा जातो.

बिलाचंही तेच. ‘रिहॅब पॅकेज, प्रतिदिन’ असं एकरकमी बिल घेऊ नका. थेरपी, नर्सिंग, औषधं, बेड आणि केअरटेकर वेगवेगळे दाखवायला सांगा. केअरटेकरचे पैसे जातील. त्यांच्यासोबत बाकीचं जायला नको.

सेंटर ‘हॉस्पिटल’ आहे का, हे आधी न विचारणं

पॉलिसीतली व्याख्या अशी, की संस्थेची हॉस्पिटल म्हणून नोंदणी हवी. नसेल तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि इतरत्र १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी या अटी. बंगल्यात चालणारी बरीच सेंटर्स इथेच गळतात. हलवण्याआधी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा. घरीच न्यायचं ठरलं तर फिजिओथेरपी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, म्हणजे पोस्ट-हॉस्पिटलायझेशनच्या (डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या) मुदतीतली बिलं लावता येतात.

दारूचा शेरा तसाच राहू देणं

कॅज्युअल्टीच्या कागदावर कुणीतरी ‘तोंडाला वास’ असं खरडलेलं असतं आणि तेवढ्यावर क्लेम अडतो. रक्ताची तपासणी झाली होती का, अहवालात काय आलं, हे विचारा. मोटार वाहन कायद्यातली गाडी चालवणाऱ्यासाठीची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. वासाला आकडा नसतो.

चुकीच्या दारात वेळ घालवणं

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीनं तक्रार फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत जा. गोव्याचे लोक पुणे कार्यालयाकडे जातात. ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षं खुला असतो, पण तिथे आधी केस टाकली तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत. त्यामुळे आधी लोकपाल, हाच क्रम बरा.

पेशंटच्या सहीचा विचार शेवटी करणं

पॉलिसी पेशंटच्याच नावावर, पैसे जमा होणार त्याच्याच खात्यात, ओटीपी त्याच्याच फोनवर, आणि त्याला सही करता येत नाही. शुद्धीत असेल तर बँकेत साक्षीदारांसमोर अंगठ्यावर व्यवहार होऊ शकतो. बेशुद्ध असेल तर पत्नीला किंवा मुलाला पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं असे आदेश दिलेले आहेत. याला वेळ लागतो, म्हणून क्लेम लढत असतानाच वकिलाला गाठा. अपघात रस्त्यावरचा असेल तर त्याच भेटीत मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्याचंही विचारा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. मेडिक्लेमचे पैसे मिळाले तर न्यायाधिकरणातले कापले जातील, या भीतीनं काही जण मेडिक्लेम सोडून देतात. ती रक्कम वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे.