समुद्रात गळाला अनोळखी मासा लागला? मराठवाड्यातल्या गळवाल्यांनो, या चुका टाळा

आपल्याकडे समुद्र नाही. नाथसागरावर आणि मांजरा धरणावर गळ टाकून आपला हात बसलेला असतो. मग एखाद्या थंडीत चार मित्र मिळून मालवण गाठतात, होडी ठरवतात, खोल पाण्यात गळ सोडतात. मासा वर येतो आणि होडीवर वाद सुरू होतो : हा कोणता?

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केली आहे. मालवणपासून आत गेल्यावर माझ्या गळाला लांबडा, बुळबुळीत मासा लागला. "ही तर आपली वाम!" असं म्हणत मी पैठणला धरतो तशी ती ओल्या फडक्यात धरायला गेलो. होडी चालवणारे तांडेलकाका ओरडले, "हात लावू नकात!" मी हात मागे घेतला, पण फडकं तिच्या सुळ्यांत अडकलंच. नाव चुकलं नव्हतं, समुद्रातही तिला वामच म्हणतात. मासा वेगळा होता. गोदावरीतल्या वामीचं तोंड बारीक आणि टोकदार असतं, पाठीवर सुट्या काट्यांची ओळ असते. समुद्रातल्या वामीच्या पाठीवर काटे नसतात, पण जबडा लांब आणि त्यात सुळे. शिंगाळ्याचंही तसंच. गोदावरीतला शिंगाळा आणि खाऱ्या पाण्यातला शिंगाळा हे दोन वेगळे मासे आहेत. (समुद्री शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर ते त्याचं खाणं समजू नका. तो नर असतो, पिलं बाहेर येईपर्यंत अंडी तोंडात सांभाळतो. त्याला लगेच पाण्यात सोडा.) म्हणून गावाकडचं नाव आधी चिकटवू नका, आधी मासा बघा.

बघायचं काय? रंग नव्हे. माही-माही पाण्यातून वर येतो तेव्हा हिरवा-सोनेरी झळाळत असतो आणि मेल्यावर थोड्याच वेळात राखाडी पडतो. किनाऱ्यावर आल्यावर फोटो काढू म्हणालात तर भलत्याच माशाचा फोटो हाती येईल. फोटो होडीवरच काढा, मासा जिवंत असताना. आडवा ठेवून, वरचा पर उलगडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग तोंड आणि शेपटीचं मूळ जवळून टिपा. परातले टणक काटे मोजा. अंगावरच्या खुणा रंगापेक्षा भरवशाच्या असतात. मोठ्या सुरमईच्या अंगावर उभ्या नागमोडी रेघा असतात, तिच्या एका बहिणीच्या अंगावर ठिपके. कुप्यांमध्ये (म्हणजे ट्यूना माशांमध्ये) एकाच्या पोटावर लांबट पट्टे असतात, तर दुसऱ्याच्या पाठीवर तिरप्या रेघा आणि छातीखाली काळे ठिपके. रावस ओळखायचा तर छातीच्या पराखाली चार सुटे धागे बघा.

हाताने चाचपून ओळखायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि छातीच्या परातला काटा, पाकटाच्या (स्टिंगरेच्या) शेपटीवरचा काटा, लायनफिशचे पाठीवरचे काटे, सगळे विषारी. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

"तेलात नीट तळला की काय होतंय?" हे आपल्याकडचं वाक्य केंडाच्या बाबतीत जीवघेणं ठरू शकतं. केंड म्हणजे डिवचल्यावर पोट फुगवणारा मासा. त्याचे दात चार पट्ट्यांसारखे, पोपटाच्या चोचीगत दिसतात. त्याचं विष शिजवून वा तळून जात नाही. ओळख पटली नाही तो मासा खायचाच नाही.

व्हेल शार्क किंवा करवतीसारखं तोंड असलेला मासा लागला तर दोरी कापून सोडून द्या. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षण आहे.

आता परतीचा प्रवास. मालवणहून संभाजीनगर म्हणजे रात्रभराची गाडी. कुपा, सुरमई, बांगडा हे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं, आणि तेही शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे उठतात. त्यामुळे मासा होडीवरच बर्फात गाडा आणि वाटेत चहाला थांबाल तिथे पेटी उघडून बर्फ बघा. ज्याची ओळख पटलेली नाही तो मासा वेगळ्या पिशवीत, न कापता, डोक्या-शेपटीसकट ठेवा. बंदरावरच्या जुन्या मासेविक्रेत्या मावशी किंवा मत्स्य विभागाची माणसं अख्खा मासा पाहून सांगतील, तुकडे पाहून नाही.