गाणारा समोर बसला पाहिजे : गाडीत स्पीकर कुठे आणि कसे लावावेत

सकाळी लवकर, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत, गाडी झाडाखाली उभी करा. इंजिन बंद, एसी बंद, काचा वर. स्टिरिओत बेस आणि ट्रेबल शून्यावर, बॅलन्स मध्यावर, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा तोल) पूर्ण पुढे. आता एखादं खंजिरीचं भजन लावा. आपल्या विदर्भात ते कुणाच्याही मोबाइलमध्ये सापडेल, आणि स्पीकर तपासायला त्याहून चांगलं काही मला अजून मिळालेलं नाही. खंजिरीच्या कातड्यावरची थाप दारातल्या मोठ्या स्पीकरमधून येते आणि चकत्यांची छनछन ट्विटरमधून, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून. वाद्य एक, वाजवणारा हात एक. डोळे मिटून ऐका. थाप गुडघ्यापाशी आणि छनछन कानापाशी, असं होतंय का? गाणारा कुठे बसलाय? समोर काचेपाशी, की तुमच्या उजव्या मांडीवर?

बहुतेक गाड्यांत तो मांडीवरच असतो. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, मोठे स्पीकर टाकून घ्या, आवाज खुलते." मला हे पटत नाही. आहेत तेच स्पीकर आधी नीट बसवा, मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा. दोन रविवारांचं काम आहे.

पहिली पायरी : दार

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. दाराचं पॅनल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रूड्रायव्हर घातला तर क्लिपा तुटतात. आत पत्रा दिसेल, त्याला मोठाली भोकं आणि वरून चिकटवलेलं पातळ प्लॅस्टिक. स्पीकरचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची ही उलटी लाट भोकांतून बाहेर आली की पुढच्या लाटेला खाते, आणि बेस नाहीसा होतो. खात्री करायची असेल तर गाणं चालू ठेवून सगळ्यात मोठ्या भोकावर जाड पुठ्ठा दाबून धरा. खंजिरीची थाप भरीव होते, पुठ्ठा काढला की पुन्हा पोकळ.

म्हणून आधी बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीटचे (पत्र्याची थरथर मारणाऱ्या चिकट शीटचे) तुकडे लावा आणि रोलरने घट्ट दाबा. बोटाने टकटक केल्यावर 'टण्ण' जाऊन 'ठप' आवाज यायला हवा. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याने झाका आणि वरून शीट चिकटवा. लॉकच्या सळया आणि काचेची यंत्रणा मोकळी फिरली पाहिजे. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती कधीही बुजवू नका. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच, दाराची रचनाच तशी आहे.

शीट ब्युटाइल रबराचीच घ्या. डांबराची शीट स्वस्त मिळते, पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते आणि आठवडाभर वास सोडते.

स्पीकरखालची रिंगही पाहून घ्या. साध्या एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग पावसाळ्यात फुगते आणि स्क्रू ढिले पडतात. प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चांगली. रिंग बसवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरचा चुंबक तिला लागत नाही ना, ते बघा. स्पीकरच्या कडेभोवती फोमची पट्टी लावा, म्हणजे आवाज जाळीतूनच बाहेर येईल, पॅनलच्या आत भरकटणार नाही. वायर कापू नका. तुमच्या गाडीला बसणारा कपलर (तयार जोडणीचा प्लग) बाजारात मिळतो, त्याने वॉरंटीची कटकटही टळते.

दुसरी पायरी : ट्विटर

गाणारा मांडीवरून उठून डॅशबोर्डवर यायचा असेल तर ट्विटर वर हवेत. आरशाजवळचा तिकोन ही सगळ्यात सोयीची जागा, त्यानंतर काचेच्या खांबाचा पायथा. खांबावर 'एअरबॅग' असं कोरलेलं असेल तर तिथे भोक पाडू नका, काही चिकटवूही नका.

जागेइतकंच तोंडाच्या दिशेला महत्त्व आहे. १० हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची असते. असा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो आणि बाजूला सरकलं की कमी होतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा ट्विटर हातभर अंतरावर आणि डावा पार तिकडे. उजव्याचं तोंड थेट तुमच्या कानाकडे असेल तर दुसरं काही ऐकूच येणार नाही. उजवा ट्विटर डाव्या सीटच्या डोक्यामागच्या उशीकडे आणि डावा उजव्या सीटच्या उशीकडे वळवा. जवळचा थोडा तिरपा पडतो, लांबचा सरळ येतो आणि दोघांचा तोल साधतो. समोरच्या काचेकडे तोंड मात्र नको. काचेवर आपटून परत आलेला आवाज कर्कश होतो.

भोक पाडायची घाई करू नका. डबल टेपने चिकटवून आठवडाभर रोज थोडं वळवून पाहा. माझ्या गाडीत बोटभर वळवल्यावर गायिकेच्या आवाजातला 'स' टोचायचा थांबला. मनासारखं जमलं की मगच स्क्रू, कारण उन्हाळ्यात टेप सुटतेच.

मागचे स्पीकर आणि डिकी

मागचे स्पीकर मागच्या माणसांपुरते. म्हातारे आईवडील मागे बसत असतील तर जरूर चालू ठेवा, पण फेडर दोन-तीन घरं पुढेच असू द्या. पार्सल ट्रेवर सहा बाय नऊचे जड स्पीकर ठेवायच्या मी विरोधात आहे. जुन्या गाडीत मी ते बसवले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रे मधोमध बाकला आणि प्रत्येक थापेला खडखडायला लागला. शिवाय जोरात ब्रेक लागला तर तो दगड मागच्यांच्या डोक्यावर येतो.

सबवूफरला, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, जागेचं एवढं बंधन नाही. ६० हर्ट्झची एक लाट साधारण पावणेसहा मीटरची, म्हणजे चार मीटरच्या आतल्या हॅचबॅकहूनही लांब. ती कुठून आली हे कानाला कळत नाही. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा, त्याखालचं सबवूफरला आणि वरचं दारातल्या स्पीकरला. त्याहून वर नेलात तर बेस डिकीतून येतोय हे कळायला लागतं. फेजचं बटण ० आणि १८० वर करून पाहा, ज्यात पुढून थाप भरीव वाटेल ते ठेवा. सबवूफरचा डबा पट्ट्याने बांधा.

शेवटची जुळणी

आधी प्लस-मायनस. दारातल्या स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, पडदा बाहेर यायला हवा. एखादा आत गेला तर त्याच्या तारा उलट आहेत. एवढ्या एका चुकीने गाणारा विखुरतो आणि बेस गायब होतो. ट्विटरला सेल लावू नका.

मग टेप घ्या आणि नेहमीच्या ठिकाणी बसून डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. मोजताना कुणीतरी सोबत हवं. माझ्या गाडीत उजव्या दाराचा स्पीकर ८८ सेंटिमीटरवर आणि डाव्याचा १३६ वर निघाला. फरक ४८. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला १.४ मिलिसेकंद उशीर द्यायचा. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट (प्रत्येक स्पीकरला वेगळा उशीर द्यायची सोय) असेल तर ते आकडे भरा. काही स्टिरिओ थेट अंतर मागतात, तिथे मोजलेलं अंतरच लिहा. आकडे भरताक्षणी गाणारा मांडीवरून सरकून समोर येतो. ही सोय नसेल तर बॅलन्स एक-दोन घरं डावीकडे न्या, थोडं काम भागतं. ही जुळणी चालकापुरतीच असते, शेजारी बसणाऱ्याला आवाज डावीकडे ओढल्यासारखा वाटतो. म्हणून घरचे सोबत असताना वापरायला दुसरी, बिनउशिराची सेटिंग सेव्ह करून ठेवा.

आता रिंग रोडला एक चक्कर मारा. आपल्या सिमेंट रस्त्यांवर टायरची घरघर खालचे सूर झाकते, त्यामुळे उभ्या गाडीत बरोबर वाटलेला बेस चालत्या गाडीत कमी पडतो. चालवणारा दुसरा कुणी असू द्या आणि तुम्ही बेस एखादं घर वाढवा. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात घरघर आणखी वाढते, पण तेवढ्यासाठी बेस फार चढवू नका, शहरात परत आल्यावर तो अंगावर येतो.

पहिला जोरदार पाऊस पडून गेला की दार उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवा. पाणी टपकत असेल तर भोकं मोकळी आहेत. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर शीटचा एखादा तुकडा भोकावर आला आहे, तेवढा कापून काढा.