इलॅस्टिकसर्च ते क्लाउड : नेमके दहा हजारच रेकॉर्ड का आले?

चार वर्षं ओरॅकलच्या टेबलांवर काढल्यावर मला वाटायला लागलं होतं की सोर्स कुठलाही असो, काम तेच. कनेक्शन बनवा, मॅपिंग (कुठला कॉलम कुठे जाणार याची आखणी) ओढा, टास्क शेड्यूल करा, घरी जा. मग एका रिटेल ग्राहकाचं काम आलं. त्यांच्या वेबसाइटच्या सर्चमागे इलॅस्टिकसर्च होतं, त्यातला मालाचा कॅटलॉग इन्फॉर्मॅटिकाच्या (डेटा इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर) क्लाउडमधून डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे विश्लेषणाच्या कोठारात, न्यायचा होता. किती दिवस लागतील विचारलं तेव्हा मी बेधडक तीन म्हणालो. लागले पाच आठवडे. हिंजवडीत या कामावर नव्याने येणाऱ्या पोरापोरींना चहाच्या टपरीवर जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इलॅस्टिकसर्च हे टेबलांचं कपाट नाही. आत ल्युसीन आहे, आणि ल्युसीन म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: कुठला शब्द कुठल्या डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे रेकॉर्डमध्ये, आहे याची नोंद. शोधणाऱ्याला पहिली दहा उत्तरं चटकन मिळावीत म्हणून हे बांधलंय. आपण मात्र जाऊन म्हणतो, ‘सगळंच दे’. पुढची बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

माझी पहिली अडचण मात्र याहून बाळबोध होती. लॅपटॉपवरून इलॅस्टिकसर्चच्या ९२०० पोर्टवर कर्ल (कमांड लाइनवरून सर्व्हरला विचारणारं साधन) मारला की उत्तर येत होतं, आणि इन्फॉर्मॅटिकाच्या प्लॅटफॉर्मवर टेस्ट कनेक्शन दाबलं की टाइमआउट. दीड दिवस मी पासवर्ड बदलत बसलो. शेवटी टीममधल्या सिनियरने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“कर्ल कुठून मारलास?”

“माझ्या लॅपटॉपवरून.”

“आणि कनेक्शन कोण करतंय?”

कनेक्शन करतो सिक्युअर एजंट. ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये एखाद्या सर्व्हरवर बसवलेला हा प्रोग्राम स्वतःच ४४३ पोर्टवरून बाहेर क्लाउडशी बोलतो आणि तिथून काम उचलून आणतो. क्लाउड आत शिरत नाही. तुम्ही ब्राउझरमध्ये बटण दाबता, पण दार ठोठावलं जातं एजंटच्या मशीनवरून. म्हणून कर्लसुद्धा तिथूनच मारायचा. मी मारला, तो लटकला. फायरवॉलचं तिकीट टाकलं, दोन दिवसांनी रस्ता उघडला. याच न्यायाने होस्टच्या रकान्यात लोकलहोस्ट लिहिलंत, तर तो एजंटचा लोकलहोस्ट होतो, तुमचा नाही. हसू नका, आजही दर बॅचमध्ये एकजण हे करतोच.

रस्ता उघडल्यावर नवीन चूक आली: पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड. नाव भीतीदायक असलं तरी अर्थ साधा आहे, ‘या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याला मी ओळखत नाही’. इलॅस्टिकसर्चच्या ८.० पासून (२०२२) सुरक्षा मुळातच चालू असते आणि पहिल्यांदा सुरू होताना ते स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःच बनवतं. एजंट जावावर चालतो. त्यामुळे त्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या सीएची (सर्टिफिकेट देणाऱ्याची) फाइल मागून घ्यायची, कीटूल या जावाच्या कमांडने एजंटच्या जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे ओळखीच्या सीएंच्या यादीत, टाकायची आणि एजंट रीस्टार्ट करायचा. रीस्टार्ट विसरलात तर अर्धा दिवस गेला समजा. एजंटचा जावा बदलला की ट्रस्टस्टोअरही कोरं येतं, म्हणून ही पायरी कुठेतरी लिहून ठेवा. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह होतो. डेव्हलपमेंटवर एकवेळ चालेल, प्रॉडक्शनवर नको.

युजरबद्दल थोडक्यात: ‘इलॅस्टिक’ नावाचा सुपरयुजर कुणी उदारपणे देऊ केला तरी घेऊ नका. हव्या त्या इंडेक्सपुरते (इंडेक्स म्हणजे इथला डॉक्युमेंटांचा गठ्ठा) रीड आणि व्ह्यू-इंडेक्स-मेटाडेटा एवढे अधिकार असलेला वेगळा रोल मागा. उद्या काही पुसलं गेलं तर तुमच्याकडे बोट तरी होणार नाही.

आता दहा हजारांची गोष्ट. ग्राहकाकडे इलॅस्टिकसर्चच्या तयार कनेक्टरचा परवाना नव्हता, म्हणून आम्ही रेस्ट कॉल करून, म्हणजे वेबवरून थेट विनंती पाठवून, पानापानाने वाचत होतो. एका पानात ५०० डॉक्युमेंट. थांबायचं कधी? पहिल्याच उत्तरात एकूण किती सापडले तो आकडा येतो, तेवढे झाले की थांब, असं मी लिहिलं. टास्क चालली, हिरवी झाली, सक्सेस. मी मेल टाकून मोकळा. दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या अ‍ॅनालिस्टने शांतपणे विचारलं, “आमच्याकडे २३ लाखांच्या वर वस्तू आहेत, तुमच्याकडे बरोबर १०,००० कशा?”

तो ‘बरोबर’ शब्द ऐकूनच पोटात गोळा आला. एवढा गोल आकडा खऱ्या डेटात सहसा येत नाही. उत्तराचा कच्चा मजकूर, म्हणजे जेसन, उघडून पाहिला. एकूणच्या रकान्यात १०,००० होतं, आणि त्याच्या शेजारी एक बारकी नोंद, जीटीई. म्हणजे ‘इतके किंवा याहून जास्त’. आवृत्ती ७ पासून इलॅस्टिकसर्च दहा हजारांच्या पुढे मोजायचे कष्ट मुळातच घेत नाही, कारण शोधणाऱ्याला त्याची गरज नसते. मी वाचला आकडा, शेजारचं अक्षर वाचलंच नाही. खरी संख्या हवी असेल तर काउंट एपीआयला विचारायचं.

बरं, थांबण्याचा आकडा दुरुस्त करून भागलं नाही. पुढचं पान मागताच थेट एरर आली, कारण पानं उलटत दहा हजारांच्या पलीकडे जायलाही डीफॉल्ट मनाई आहे. ती मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते आणि नेटवर तोच सल्ला सापडतो. तो ऐकू नका. जितकं खोल पान, तितकी प्रत्येक शार्डला (इंडेक्सच्या तुकड्याला) मेमरी जास्त लागते, आणि त्याच वेळी तिकडे ग्राहक साडी किंवा मिक्सर शोधत असतो. पॉइंट-इन-टाइम (त्या क्षणाचा गोठवलेला डेटा) उघडायचा आणि सर्च-आफ्टरने, म्हणजे शेवटच्या रेकॉर्डची सॉर्ट किंमत पुढच्या कॉलला देत, वाचत जायचं. जुन्या आवृत्त्यांवर त्याऐवजी स्क्रोल ही पद्धत आहे. पण दोन्हींत काम झालं की बंद करायला विसरू नका. उघडी राहिलेली खिडकी जुना डेटा धरून बसते. आमच्या अशाच एका विसरभोळ्या टास्कमुळे सर्चवाल्या टीमचा सकाळी सातला फोन आला होता. त्यानंतर आम्ही रात्री दोनची वेळ ठरवून घेतली, त्यांना विचारून. ते आधीच विचारायला हवं होतं.

स्कीमाचं दुखणं वेगळं. इलॅस्टिकसर्चमध्ये अ‍ॅरे म्हणजे यादी असा वेगळा प्रकारच नाही. ‘रंग’ हे फील्ड एका डॉक्युमेंटमध्ये ‘लाल’ असेल, दुसऱ्यात ‘लाल, निळा, हिरवा’ अशी यादी. इलॅस्टिकसर्चच्या मॅपिंगमध्ये (फील्डांच्या प्रकारांच्या यादीत) दोन्हीकडे फक्त कीवर्ड हा प्रकार दिसतो. त्यामुळे मॅपिंग पाहून कॉलम ठरवाल तर फसाल. मी यादी सरळ फोडली, तर एका शर्टाच्या तीन ओळी झाल्या आणि साठ्याची बेरीज तिप्पट. शेवटी रंगांचं वेगळं चाइल्ड टेबल केलं. तुम्ही प्रत्येक फील्डसाठी ज्याने डेटा भरला त्या डेव्हलपरला गाठा आणि ‘यात कधी एकापेक्षा जास्त येतं का?’ असं विचारा. ‘नाही’ म्हणाला तरी तपासा.

आणि कनेक्शन इंडेक्सच्या नावाला नाही, एलियसला (इंडेक्सच्या टोपणनावाला) जोडा. एकदा ठरलेल्या फील्डचा प्रकार बदलता येत नाही, म्हणून सर्चवाले नवा इंडेक्स बनवून डेटा तिकडे हलवतात. त्या रात्री तुमची टास्क जुन्याच घराची बेल वाजवत बसते.

रोजचा डेल्टा (फक्त बदललेले रेकॉर्ड) बदलाच्या वेळेवरून उचलत असाल, तर दहा मिनिटं मागे जाऊन वाचा आणि डॉक्युमेंटच्या आयडीवर अपसर्ट (असेल तर बदल, नसेल तर भर) करा, कारण लिहिलेलं शोधात दिसायला थोडा वेळ लागतो. डिलीट झालेलं मात्र डेल्टात येतच नाही, ते नुसतं नाहीसं होतं. आम्ही दर रविवारी सगळे आयडी ताडून पाहतो. सुंदर उपाय नाही, पण चालतो.

सरावाला ऑफिसची वाट पाहू नका. लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) एका नोडचं इलॅस्टिकसर्च सहज उभं राहतं. त्यात तीनच डॉक्युमेंट टाका: एकात रंगांची यादी, एकात रंगाचं फील्डच नाही, आणि एकाची वेळ १ एप्रिलची पहाटे ३, भारतीय वेळेची. आत तारीख यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, म्हणजे ३१ मार्च, रात्री साडेनऊ. टार्गेटमध्ये ही वस्तू कुठल्या आर्थिक वर्षात उतरली, ते बघा.