कोलेस्टेरॉलसाठी भाकरीच्या पिठात बदल कसा करावा

कोलेस्टेरॉल वाढले की साताऱ्यात अनेक घरांतून आधी भाकरी बंद होते. वास्तविक भाकरी तशीच ठेवून तिचे पीठ बदलणे अधिक निभते. सुरुवातीला लिपिड प्रोफाइलची, म्हणजे रक्तातील मेदाची, तपासणी करावी आणि एलडीएलचा (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) आकडा लिहून ठेवावा.

कोणत्याही धान्यात मुळात कोलेस्टेरॉल नसते. रक्तावर परिणाम होतो तो धान्यातल्या तंतूंचा. जव आणि ओट्स यांतील बीटा-ग्लुकन हे विरघळणारे तंतुद्रव्य पाण्यात चिकट होते, आतड्यातील पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेते, आणि नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरते. माण-खटावचा शाळू (रब्बी ज्वारी) पौष्टिक आहेच, परंतु त्यातले बहुतेक तंतू पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे एकट्या शाळूकडून एवढी अपेक्षा ठेवू नये.

म्हणून दळणात चार किलो शाळूला एक किलो सोललेले जव घालावेत. पूजेसाठी मिळणारे सालासकट जव घेऊ नयेत. पीठ चाळून कोंडा टाकू नये. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात निम्म्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटल्या; पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, तळहाताने रगडून मळल्यावर मात्र त्या नीट थापता येऊ लागल्या. अशा तीन भाकऱ्यांतून सुमारे दीड ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळते आणि उरलेले ४० ग्रॅम ओट्सच्या उपम्यातून भरून निघते.

सोबत कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची किंवा मटकीची उसळ असावी, कारण कडधान्यांतही विरघळणारे तंतू असतात. याच भाकरीवर रोज लोण्याचा गोळा ठेवला, तर त्यातील संपृक्त मेद एलडीएल पुन्हा वर नेतो.

तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते, त्यामुळे पहिले पंधरा दिवस दिवसाला एकच अशी भाकरी खावी आणि पाणी वाढवावे. जवात गव्हासारखेच ग्लूटेन हे प्रथिन असते. सिलिॲक आजार (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) असणाऱ्यांनी ते टाळावेत. दोन-तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी आणि दोन्ही अहवाल डॉक्टरांना दाखवावेत. तोवर चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नये.