बाळाच्या गोधडीला गाठ आत, टाका बारीक
बाळासाठी गोधडी शिवताय ना, मग नवं कापड आणूच नका, आजीचं वापरून मऊ झालेलं सुती लुगडं घ्या, तीन पदर पुरे होतात, जास्त जाड केली की पावसाळ्यात वाळतच नाही आणि कुबट वास मारते. जरीचा काठ आधीच कापून टाका, टोचतो. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघा, रंग लागला तर ते मोठ्यांच्या गोधडीला ठेवा. आणि धावदोरा ज्वारीच्या दाण्याएवढाच घाला, लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं, माझ्या पहिल्या गोधडीत अडकलंच होतं, केवढं रडलं बिचारं!! दोऱ्याची गाठ हलकासा झटका देऊन पदरांच्या मधे ओढून घ्यायची. आरसे-टिकल्या नकोतच, तोंडात जातात.